पापलेटच्या गळ्यातली गाठ

नोव्हेंबरमधला शनिवार होता. सकाळी साडेदहाच्या सुमारास मी कोल्ड स्टोअरमध्ये बोंबलांच्या पेट्या तपासत होते, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे एका हॉटेलचे मॅनेजर. आवाज चढलेला.

"मॅडम, तुमचं पापलेट परत न्या. एकूणएक माशाच्या गळ्यात गाठ आहे. रोगट माल आमच्या माथी मारता काय?"

संध्याकाळी त्यांच्याकडे रिसेप्शन होतं आणि वीस किलो पापलेट आम्ही दिलं होतं. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. नागपुरात समुद्राचा मासा विकायचा म्हणजे मासा कमी आणि विश्वास जास्त विकावा लागतो. एका किचनमधून 'गाठीचा मासा' अशी बातमी निघाली की सीताबर्डीपासून सदरपर्यंत पोचायला दिवस लागत नाही. पेटी मी स्वतः तपासून पाठवली होती. डोळे स्वच्छ, कल्ले लाल, अंग कडक. तरी स्कूटर काढली तेव्हा पोटात गोळा आला होता.

किचनमध्ये मासे कापायला एक मामा आहेत. पंचविसेक वर्षं हेच काम. पाटावर त्यांनी सहा पापलेटं डोकी वेगळी करून मांडून ठेवली होती.

"पाहा न जी मॅडम," त्यांनी सुरीचं टोक डोक्याच्या मागच्या बाजूला टेकवलं. "एकाले असती तं मी बोललो नसतो. सहाच्या सहा माशाईले आहे. अन् सुरी लागली का आतून करकर वाजते. रेती भरल्यासारखी."

मी हात लावून पाहिला. खरंच लागत होती. कल्ल्यांच्या मागे, अन्ननलिका सुरू होते तिथे, दोन्ही बाजूंना लांबट, घट्ट पिशव्या. आणि माझा जीव भांड्यात पडला, कारण हे मी कॉलेजात पाहिलं होतं. तेलंगखेडीच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आम्हाला हीच पिशवी उघडून भिंगाखाली दाखवली होती.

"मामा, रोहूच्या गळ्यात दात असतात, ते तुम्ही काढता ना?"

"काढतो न जी. मुंडी शिजवायच्या आधी काढाच लागते."

"तसेच हे. फक्त हे दात पिशवीत आहेत."

त्यांची बारीक सुरी घेऊन मी एक पिशवी उभी चिरली आणि उलटी करून बोटावर ताणली. आतून सगळीकडे बारीक काटेरी उंचवटे. मामांनी अंगठा फिरवला, मग मॅनेजरांना बोलावून त्यांचाही अंगठा फिरवून घेतला. खिसणीवरून बोट फिरवल्यासारखं लागतं ते. मॅनेजरांनी विचारलं, मऊ तोंडाच्या माशाला गळ्यात खिसणी कशाला?

प्रश्न अगदी बरोबर होता. पापलेटचं तोंड पाहिलंत तर इवलंसं, दात जेमतेम. रूपचंदचं उलटं. आपल्याकडे 'तळ्याचं पापलेट' म्हणून जो रूपचंद खपवतात, तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा मासा, त्याचे दात पुढे जबड्यात असतात आणि माणसाच्या दातांसारखे दिसतात. कठीण फळं, बिया फोडायला ते लागतात. पापलेटला तसलं काही फोडायचं नसतं. त्याचं खाणं म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव आणि जेलीफिशसारखं लिबलिबीत, बुळबुळीत. जेलीफिशच्या अंगात शेकडा पंचाण्णव भाग पाणीच. असलं खाणं दातांनी धरायला जावं तर निसटतं. म्हणून ते गळ्याशी आल्यावर या पिशव्यांत दाबून, किसून मग पुढे ढकलायचं.

मी सांगत गेले आणि कधी रंगले ते मला कळलं नाही. गॅसवर पातेली चढली होती, पोरं कांदा कापायची थांबली होती. पापलेटचे बरेच भाऊबंद लहानपण जेलीफिशच्या छत्रीखाली काढतात, हे मी त्यांना सांगितलं. भर समुद्रात लपायला ना खडक, ना गवत. तिथे तरंगणारी छत्री हाच आसरा. मोठे मासे त्या डंखाच्या दोऱ्यांना भिऊन लांब राहतात. आणि एक भाऊबंद तर पावसाळ्यात मुंबईच्या जुहू, गिरगाव किनाऱ्यावर जे निळे फुगे वाहून येतात, ज्यांना ब्लू बॉटल म्हणतात, त्यांच्या दोऱ्यांमध्ये राहतो. त्याचं शास्त्रीय नाव नोमियस ग्रोनोव्ही. माणसाला त्या दोऱ्या नुसत्या चिकटल्या तरी तो कळवळतो. हा मासा त्यांच्यामधून वाट काढत पोहतो आणि त्याच दोऱ्या कुरतडून खातो. त्याला विष अजिबात बाधत नाही असं पुष्कळांना वाटतं, ते खरं नाही. इतर माशांपेक्षा तो बरंच जास्त विष सोसतो, पण त्याची खरी राखण त्याच्या चपळाईत आहे. चुकला तर तोही मरतो.

"म्हणजे वाघाच्या गुहेत राहून वाघाचीच मिशी खाते," मामा म्हणाले.

मॅनेजरांनी पेटी ठेवून घेतली. पिशव्या डोक्याबरोबर निघून जातात, ताटात येत नाहीत, हे त्यांना दाखवलं. मामा उरलेले मासे कापायला लागले आणि मी निघाले. हॉटेलचा विषय इथे संपला.

निघताना मामा सहज बोलून गेले होते, "वरचे मोठे आहेत मॅडम, खालच्या थरात बारके निघाले. त्याइचं मी फ्राय करतो, दिसून येत नाही."

स्टोअरवर परतले आणि त्याच गाडीतून आलेली दुसरी पेटी उघडली. वरचे दोन थर हाताच्या पंजाएवढे. खालचा थर काढला आणि पट्टी घेऊन बसले. ११०, ११८, १०५, १२२ मिलिमीटर. पापलेट २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी राज्याने माशांच्या किमान आकाराचे नियम काढले. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे. त्याहून लहान पापलेट धरायचं नाही, विकायचं नाही. एवढा मासा एकदाही अंडी घालायच्या वयाला आलेला नसतो. पापलेटसाठीच्या वाहत्या जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याची भोकं, मोठा ठेवला तर बारका मासा निसटून जातो. पण बारीक आसाच्या डोल जाळ्यात भरतीओहोटीच्या ओढीने येईल ते शिरतं, पापलेटची पिल्लंसुद्धा.

मी भंडारा जिल्ह्यातली. बाबा मालगुजारी तलावात, म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावात, मासे धरायचे. आमच्याकडे मच्छीमारांची सोसायटी पैसे मोजून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणते आणि तलावात सोडते. जाळ्यात बोटुकली आली तर बाबा ओल्या हाताने उचलून परत पाण्यात ठेवायचे. कोरडा हात लावला म्हणून मी एकदा बोलणी खाल्ली आहेत. आणि इथे मी, शिकलेली, हातात थर्मामीटर घेऊन पेटीच्या वरच्या थराचा ताजेपणा तपासत होते आणि सही करून पुढे पाठवत होते. डोळे, कल्ले, तापमान. मापाचा रकाना आमच्या तक्त्यात नव्हताच. तो घालायला हवा हे मला त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्याला फोन लावला.

"ताई, खालचा थर नुसता पेटी भरायला असतो. नागपूरला कोण मोजतं?"

"मी मोजते. खालच्या थरातले सगळे मोजून बाजूला काढले आहेत. त्यांचे पैसे मिळणार नाहीत."

तो बराच वेळ बोलत राहिला. डिझेल, बर्फ, वाया गेलेल्या फेऱ्या. खोटं काही सांगत नव्हता. मी ऐकून घेतलं आणि तक्त्यात नवा रकाना आखला.

मालकांना सगळं सांगितलं तेव्हा सात वाजले होते. ते गप्प राहिले, मग म्हणाले, पुढच्या गाडीपासून सगळे थर उघडून पाहा. बाजूला काढलेल्यांपैकी एक, ११० मिलिमीटरचं, मी पाटावर घेतलं आणि कल्ल्यामागे चीर दिली. त्याच्याही गळ्यात पिशवी होती, ज्वारीच्या दाण्याएवढी. भिंगाखाली धरली. काटे आलेले होते.