बिडाच्या खांबावरच्या खाचा

लंडनला गेलं की पावलं थेम्सकडे वळतात. या खेपेला मात्र मी एक अख्खा दिवस रीजंट्स कालव्यासाठी राखून ठेवला होता. रीजंट्स पार्कजवळ कालव्याकाठच्या वाटेवर उतरायचं आणि पूर्वेला लाइमहाउसपर्यंत पाण्याच्या सोबतीनं चालायचं, एवढंच ठरवलं होतं.

सुरुवातीलाच मॅकल्सफील्ड पूल लागला. त्याच्या बिडाच्या खांबांवर आडव्या खाचा पडल्या आहेत. एका खाचेत बोट घातलं तर आत अगदी गुळगुळीत लागलं. काठावरून घोडा चालायचा, मागे दोरानं बार्ज, म्हणजे मालाची सपाट बोट, ओढायचा आणि वळणावर तो ओला दोर खांबाला घासायचा. अशा वर्षानुवर्षांच्या घासण्यानं लोखंड झिजलं. खाचा खांबाच्या दोन्ही अंगांना आहेत, त्याचं कारण वेगळंच. २ ऑक्टोबर १८७४ च्या पहाटे इथे दारूगोळा नेणाऱ्या बार्जचा स्फोट झाला आणि पूल उडाला. पुन्हा बांधताना तेच खांब वापरले, पण फिरवून बसवले. मग दोरानं दुसरी बाजू कापायला घेतली. त्या खांबापाशी मी बराच वेळ रेंगाळलो.

कॅम्डनच्या आसपास काठावर पाण्यात उतरणारे छोटे उतार दिसतात. आगगाडीच्या आवाजानं बुजलेला घोडा कालव्यात पडला, तर त्याला बाहेर काढण्यासाठी ते केले होते. त्याच आगगाडीनं पुढे कालव्याचा धंदा खाल्ला आणि उरलासुरला ट्रकनं. १९५६ मध्ये इथले घोडे थांबले. मालाच्या बार्जही पुढच्या दशकात बंद झाल्या.

पण कालवा रिकामा बसला नाही. १९७९ मध्ये सेंट जॉन्स वुड ते सिटी रोड या टप्प्यात वाटेखाली चार लाख व्होल्टच्या केबल घातल्या. त्या थंड ठेवायला कालव्याचंच पाणी फिरवतात. हे कळल्यापासून पायाखालच्या फरशांकडे बघायची माझी नजरच बदलली. जुन्या पाण्याला नवं काम मिळालं, याचं मला खरंच बरं वाटलं.

किंग्ज क्रॉसला धान्याच्या कोठारात आता कलेचं महाविद्यालय आहे आणि कोळशाच्या आवारात दुकानं. तिथे फार थांबलो नाही. पुढे इझलिंग्टनचा बोगदा, ८७८ मीटरचा, आणि आत काठाची वाटच नाही. घोडा टेकडीवरून नेत, तर माणसं बोटीत उताणी पडून पायांनी बोगद्याच्या भिंती रेटत ती पुढे सरकवत. मीही घोड्याच्या वाटेनं, वरच्या रस्त्यांवरून पलीकडे उतरलो.

एका लॉकपाशी, म्हणजे दारं लावून पाण्याची पातळी वरखाली करणाऱ्या जागी, एक जोडपं आपली नॅरोबोट, कालव्यातली अरुंद लांब बोट, घेऊन आलं होतं. दार बंद करायला हात द्या म्हणाले. मी लाकडी तुळईला पाठ लावली आणि जोर केला, पण पाय घसरू लागले. खाली पाहिलं तर जमिनीत अर्धगोलात थोड्या वर काढलेल्या विटा होत्या, टाच रोवण्यासाठी. टाच रोवली आणि दार हललं. ज्यानं त्या विटा लावल्या त्याला माणसाच्या अंगातली ताकद आणि थकवा दोन्ही ठाऊक होते.

लाइमहाउसची गोदी कालव्याबरोबर १८२० मध्ये सुरू झाली. इथे जहाजातला माल बार्जवर चढे. १९६९ मध्ये ती जहाजांना बंद झाली. आज तिथे शिडाच्या हौशी बोटी आणि भोवती महागडी घरं. मालाचे कंटेनर आले, जहाजं आकारानं वाढली, जुन्या गोद्यांची दारं त्यांना अपुरी पडली आणि धंदा थेम्सच्या मुखाकडे, टिलबरी बंदराकडे सरकला. ईस्ट इंडिया गोदी १९६७ मध्ये बंद झाली, सेंट कॅथरीन १९६८ मध्ये, वेस्ट इंडिया १९८० मध्ये आणि रॉयल गोद्या १९८१ मध्ये. काही गोद्या तर चक्क बुजवून टाकल्या. म्हणून वेस्ट इंडिया गोदीच्या जागी उभ्या राहिलेल्या कॅनरी वॉर्फच्या काचेच्या मनोऱ्यांमध्ये अजून पाणी आहे, याचं मोल मला मोठं वाटतं. पण गोद्यांच्या पुनर्विकासासाठी १९८१ मध्ये नेमलेल्या महामंडळानं तिथे बँका आणल्या, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या पोती वाहिलेल्या माणसांच्या हाताजोगतं काम त्यात फारसं नव्हतं. मला हे सगळ्यात जास्त लागलं.

वेस्ट इंडिया गोदीच्या साखरेच्या वखारींपैकी दोन उरल्या आहेत. एकीत २००३ पासून संग्रहालय आहे. ही साखर गुलामांच्या श्रमाची होती, हे तिथे स्पष्ट सांगितलं आहे. दारातला गुलाममालक रॉबर्ट मिलिगनचा पुतळा जून २०२० मध्ये हलवला.

तिथून मी वेस्ट इंडिया डॉक रोडवर गेलो. १८५७ मध्ये या रस्त्यावर आशियाई आणि आफ्रिकी खलाशांसाठी आसरा उघडला होता. महाराजा दलीपसिंगांनी त्याला पैसे दिले होते. रत्नागिरीकडचेही खलाशी ब्रिटिश जहाजांवर असत. त्यांचे सारंग, तांडेल हे शब्द इंग्रजांच्या तोंडी बसले. परतीचं जहाज मिळेपर्यंत थंडीत अडकलेल्या अशा माणसांसाठी ती जागा होती. आता इमारत नाही. मी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चाललो.

शेवटी ईस्ट इंडिया स्थानकाशी पोचलो, तेव्हा दिवे लागले होते. तिथल्या रस्त्यांची नावं क्लोव्ह क्रेसेंट, नटमेग लेन, सॅफ्रन अव्हेन्यू: लवंग, जायफळ, केशर. पाट्या वाचत नेव्हल रोपर्यंत गेलो. तिथे गोदीची उंच जुनी भिंत अजून उभी आहे, चोरी होऊ नये म्हणून बांधलेली. तिच्या कडेनं हात फिरवत मी शेवटच्या विटेपर्यंत गेलो आणि मग गाडी पकडली.