पाण्याचे पैसे

लोहाराकडे सुरी घ्यायला गेलेला माणूस आधी ती हातावर तोलून बघतो. जड लागली की खूश! जणू ती भाजी चिरायला नाही, उद्या भंगारात घालायलाच न्यायची आहे.

आमच्या बाजारतळाच्या कडेला मृगाच्या आधी घिसाड्यांची पालं पडतात. खुरपी, विळे, कुऱ्हाडी शेवटून, म्हणजे ठोकून नवी धार काढून, घ्यायला गर्दी होते आणि त्या गर्दीत आमच्यासारखी शेती नसलेली माणसंही सुरीच्या निमित्ताने घुटमळतात. तिथे ऐकलेला हा संवाद. गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, पाटा भंगारात किती रुपये किलोनं मिळतो ते आम्हाला माहीत आहे." मावशींनी घण खाली ठेवला, पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "मग पाटाच घिऊन जा की कांदा कापायला."

पाटा म्हणजे ट्रकच्या कमानीचा. वर्षानुवर्षं ओझ्याखाली वाकून पुन्हा सरळ होणारं हे पोलाद सुरीला उत्तम. काही शहाणे बांधकामावरच्या गजाचा तुकडा घेऊन येतात आणि "याची करून द्या" म्हणतात. मावशींचे यजमान, म्हणजे मामा, तो परत करतात. गजाला पाणी चढत नाही, म्हणजे तापवून पाण्यात बुडवला तरी तो कडक होत नाही, एवढंच सांगतात. कारण आहे कार्बन. गजात तो पाव टक्क्याच्या आसपास, पाट्यात अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर. शंभर ग्रॅमची सुरी धरली तर त्यातला कार्बन अर्धा ग्रॅम, फार तर थोडा जास्त. एवढ्याशा ऐवजावर सगळा खेळ. आता हा कुठल्या तराजूत तोलायचा?

मला आवडते ती अख्खी एका तुकड्याची सुरी. पातं तेच, मूठ तीच आणि मुठीचं टोक वळवून केलेली खिळ्याला टांगायची कडीही तीच. लाकूड नाही, रिव्हेट नाही, फटीत अडकून कुजणारा कांदा नाही. दिसायला अगदी सोपी. होताना बघितली की कळतं, सोपं त्यात फारसं काही नाही.

मामा बसलेले. डाव्या हातात सांडस, उजव्या हातात लहान हातोडा. मावशी उभ्या, हातात घण. मुलगी पंखा फिरवते; पूर्वी कातडी भाता असायचा, आता हाताने फिरवायचा लोखंडी पंखा आहे. मामा हातोडा जिथे टेकवतात तिथे पुढचा घण पडतो. बोलणं नाही. हातोडा नुसता ऐरणीवर वाजला की घण थांबतो. त्या दोघांत घरचं भांडण चालू असलं तरी (एकदा चालू होतं, चांगलंच) हा ताल चुकत नाही.

यातली खरी गंमत धार काढताना दिसते. पात्याची एक बाजू ठोकून पातळ करायला घेतली की ती बाजू लांबायला लागते, पाठीची बाजू आहे तेवढीच राहते. मग पातं आपोआप वर वळतं, केळ्यासारखं. सरळ सुरी हवी असेल तर मामा पट्टी आधीच उलट्या बाजूला वाकवून ठेवतात. बघणाऱ्याला वाटतं, हे काय वाकडं चाललंय! पुढे धारेवर हातोडे पडत जातात आणि ते वाकडं हळूहळू सरळ होत येतं. किती वाकवायचं याचं माप कुठे लिहिलेलं नाही. "पट्टी बघून कळतं," म्हणतात. मी बऱ्याचदा पट्टी बघितली आहे. मला काही कळलं नाही.

पण हे सगळं ठोकणं झालं तरी हातात जे येतं ते सुरीच्या आकाराचं लोखंड. त्याने टोमॅटोसुद्धा धड चिरला जायचा नाही. सुरी होते ती पुढच्या दोन-तीन मिनिटांत, पाणी देताना.

त्या वेळी मामा पालाची कनात खाली ओढतात. तापलेल्या लोखंडाचा रंग उन्हात फिका दिसतो, अंदाज चुकतो. अंधारात लाल, मग केशराकडे झुकणारा लाल. हौसेने चाकू घडवणारी शहरी मंडळी इथे लोहचुंबक लावून बघतात. साधारण 770 अंशांच्या पुढे पोलादाला चुंबक चिकटत नाही, त्याहून थोडं तापवायचं हा त्यांचा आडाखा. मामांकडे डोळे आहेत. रंग आला की धारेची बाजू तेवढी पाण्यात. चर्र आवाज, वाफ. लगेच बाहेर काढून पातं विटेच्या तुकड्यावर घासायचं, म्हणजे काळा थर निघून पांढरं लोखंड दिसतं.

आता नीट बघायचं. धार या घडीला अतिशय कडक आहे. एकदम गार झाल्याने कार्बन होता तिथेच अडकून पडलाय. अशीच सोडली तर कानस तिच्यावरून घसरेल, पण सुरी फरशीवर पडली तर तुकडा उडेल. पाठीत मात्र अजून धग आहे. ती धग धारेकडे सरकते आणि घासलेल्या पांढऱ्या पट्टीवर रंग चालत येतात. पुढे फिका पिवळा, त्याच्या मागे तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. वाळल्या गवताचा पिवळा धारेपाशी पोचला, की अख्खी सुरी पाण्यात. जरा आधी बुडवली तर ठिसूळ, जरा उशीर झाला तर मऊ. त्या रंगाचं तापमान 220-230 अंशांच्या आसपास असतं, हे मामांनी कधी मोजलेलं नाही.

पोलाद ओळखताना भल्याभल्यांची नजर चुकलेली आहे. 1819 मध्ये मायकेल फॅरेडेने भारतीय पोलादाचं, वुट्झचं, पृथक्करण केलं. त्याचं गुपित त्यातल्या ॲल्युमिनियम आणि सिलिकात असावं असा त्याचा कयास होता, आणि तो चुकीचा निघाला. विजेच्या शोधांमुळे नाव झालेल्या या माणसाचे वडील लोहार होते, म्हणून मला त्याच्याविषयी जरा जास्तच आपुलकी आहे.

अशा सुरीचे लाडही करावे लागतात. लिंबू चिरून तशीच ठेवली तर सकाळी गंज. कैरीच्या फोडी हिच्याने काळ्या पडतात, म्हणून लोणच्याच्या दिवसांत मी खुशाल स्टेनलेसची सुरी काढते. निष्ठा वगैरे लोणच्यापुढे टिकत नाही. एरवी धुऊन, पुसून, तेलाचं बोट फिरवलं की झालं. ओल्या हातात मूठ निसटते ही तक्रार मात्र खरी आहे. तिला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवायचा.

एक गोष्ट मात्र करायची नाही, आणि लोक नेमकी तीच करतात. परवा एक गृहस्थ सुरी परत घेऊन आले. "धार राहतच नाही हो." मामांनी ती उलटीपालटी केली आणि मावशींकडे दिली. टोकाकडचा भाग निळा-करडा पडला होता.

"गॅसवर वांगं भाजलंत ना, सुरीला टोचून?" मावशी.

"छे छे."

"वांगं नाही," मागून त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "लसूण. रोज."

मामांनी सुरी भट्टीत सरकवली, कनात ओढली, पाणी दिलं, दगडावर धार लावून हातात ठेवली आणि तीस रुपये सांगितले. गृहस्थ दचकलेच. "लोखंड माझं, सुरी माझी, आणि नुसतं पाण्यात बुडवायचे तीस रुपये?"