आता कधीच तापणार नाही

मागच्या डिसेंबरात अण्णांच्या सिटी गाडीने लिटरला 8.9 किलोमीटर दिलं, तेव्हा कॉलनीत प्रत्येकाकडे निदान तयार होतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल. समोरच्या काकांनी तर "विकून टाका आता, या पेट्रोलवर या गाड्या जगायच्या नाहीत" असंही सांगून टाकलं.

गाडी 2001 ची होंडा सिटी व्हीटेक. दीड लिटरचं इंजिन आणि 106 हॉर्सपॉवर. तेव्हा आपल्याकडच्या रस्त्यावर हा आकडा म्हणजे मोठी गोष्ट होती. अण्णा तेव्हा पंचावन्नचे, स्वभावाने काटकसरी, आणि ही एकच चैन त्यांनी आयुष्यात केली. ती केल्याचं प्रायश्चित्त म्हणून की काय, पेट्रोलचा थेंबन्‌थेंब ते आयुर्विम्याच्या डायरीत लिहीत आले. तारीख, किलोमीटर, लिटर, टाकी फुल टू फुल. आता गाडी मी चालवते, डायरी अजून त्यांच्याकडेच आहे.

मी कॉलेजात फिजिक्सची लॅब सांभाळते. त्यामुळे इथेनॉलचं गणित आधी कागदावर केलं. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. पण मिश्रण 10 टक्क्यांवर आधीच गेलेलं होतं, ते 20 वर आलं. म्हणजे नव्याने जो फटका बसला तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास. तेरा देणाऱ्या गाडीतून अर्धा जाईल. चार जाणार नाहीत.

मग डायऱ्या काढल्या. ॲव्हरेज पडलं किती यापेक्षा ते पडलं कसं हे बघायचं होतं. प्लग, फिल्टर, इंजेक्टर, कॉम्प्रेशन हे सगळं झिजतं ते हळूहळू, आकडे जिना उतरल्यासारखे उतरतात. इथे तसं नव्हतंच. 2019 मध्ये 13.4. एप्रिल 2023 मध्ये 13.1. आणि जून 2023 मध्ये थेट 10.2. दोन महिन्यांत कडा कोसळावा तसं. त्यानंतरची घसरण मात्र बारीक बारीक.

या दोन नोंदींच्या मधलं पान अण्णांच्या अक्षरात असं: "मे 14. पुण्याहून येताना खंबाटकीत गाडी तापली. दीड तास उभे. रु. 1,800. मिस्त्री म्हणाला, आता कधीच तापणार नाही."

आणि खरंच तापली नव्हती. अडीच वर्षांत एकदाही नाही. तीच तर भानगड होती.

बॉनेट उघडून चावी फिरवली तर रेडिएटरचा फॅन लगेच घरघरायला लागला. इंजिन पहाटेपासून थंड असतानाही. म्हणजे फॅन डायरेक्ट केलेला, स्विचला न विचारता कायम चालू राहील असा जोडलेला. मग वीस किलोमीटर वाढे फाट्याच्या बाजूला फेरी मारून आले आणि कूलंटच्या तापमानाच्या सेन्सरला मल्टिमीटर लावला. इंजिन नीट तापलं की तिथे 200 ते 400 ओहम यायला हवेत. आले 620. सेन्सर जितका थंड तितका आकडा मोठा, म्हणजे पाणी जेमतेम साठ अंशांच्या आत-बाहेर.

आपल्याकडे हा जुना रिवाज आहे. गाडी तापली की थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकायचा, फॅन डायरेक्ट करायचा, आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, "बिनधास्त पळवा." इथेही तेच झालेलं. ट्रॅक्टरच्या काळात चालून गेलं असेल. पण इंजेक्शनच्या गाडीत इंजिन थंड आहे म्हटल्यावर संगणक जास्त पेट्रोल सोडतो, जसा आपण पूर्वी चोक ओढायचो तसा. फरक इतकाच की हा चोक अडीच वर्षं कोणी आत ढकललाच नाही. प्लग काढले तर काळ्या मखमलीसारखी काजळी.

बिघाडाचा कोड बघायलाही मी बसले होते. डॅशबोर्डखालच्या दोन पिनांच्या कनेक्टरला वायर जोडली की इंजिनचा दिवा लुकलुकून आकडा सांगतो. कूलंट सेन्सरचा आकडा सहा. एकही लुकलुक नाही. लुकलुकणार कशी? सेन्सर थंड म्हणत होता आणि इंजिन थंडच होतं. सेन्सर तुटला असता तर दिवा ओरडला असता.

एक गोष्ट मात्र माझ्या कानाने आधीच सांगितली होती आणि मी ऐकली नव्हती. इंजिन पुरेसं गरम नसेल तर व्हीटेक, म्हणजे जास्त वेगाला झडपा अधिक उघडणारी होंडाची यंत्रणा, चालूच होत नाही. मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या आसपास जो आवाज बदलायचा, ज्यासाठी अण्णांनी ही गाडी घेतली, तो थंडीतल्या सकाळी येईनासा झाला होता. मला वाटलं, गाडी म्हातारी झाली.

नवा थर्मोस्टॅट सातशे रुपयांना मिळाला. बसवण्याआधी चहाच्या पातेल्यात दोऱ्याला टांगून, लॅबचा थर्मामीटर सोडून पाहिला. 78 अंशाला तोंड उघडायला लागला, उकळीपर्यंत पूर्ण उघडला. (साताऱ्याच्या उंचीवर पाणी शंभरच्या आधीच उकळतं, पण तेवढं पुरतं.) आईने ते पातेलं तेव्हापासून कुंड्यांना पाणी घालायला दिलंय. फॅनचा स्विच मेला होता, बहुधा त्या दिवशी घाटातही तोच दोषी असावा. तोही बदलला.

उरलेल्या बारीक घसरणीचेही धागे सापडले. 2024 मध्ये 175/65 च्या जागी 185/65 टायर घातले होते, म्हणजे चाकाचा घेर दोन टक्क्यांनी वाढला. फोनवर 100 किलोमीटर झाले की गाडी 98 दाखवते. डायरीतलं ॲव्हरेज तेवढं खोटंच कमी होतं. शिवाय पुढच्या उजव्या चाकाचा ब्रेक चिकटत होता. न दाबता पाच किलोमीटर गेलं तरी ते चाक डाव्यापेक्षा चांगलंच गरम. कॅलिपर साफ करून घेतला.

आता तीन टाक्यांची सरासरी, किलोमीटर दुरुस्त करून, 12.4. इथेनॉलचा वाटा त्यात आहेच, तो मी नाकारत नाही.

पहिल्या फेरीला अण्णा शेजारी बसले होते. पोवई नाक्यावर आलो तेव्हा तापमानाचा काटा मध्याच्या जरा खाली येऊन थांबला. अडीच वर्षं तो तळाशीच बघायची सवय झालेली. "थांबव, थांबव, तापायला लागली!" म्हणून त्यांनी हँडब्रेकलाच हात घातला. घरी आल्यावर डायरीत लिहिलं: "काटा वर येतो. मुलगी म्हणते बरोबर आहे."