तुम्ही विचारलंत म्हणून: साध्या शेतकऱ्याच्या घराचा इतिहास सापडतो कुठे?

वंशावळ दाखवली की हा प्रश्न येतोच, लग्नकार्यात पण आणि फोनवर पण: "तुमचे पूर्वज सरदार नव्हते, पाटील नव्हते, कुणाला लिहायला येत नव्हतं, मग दीडशे वर्षांपूर्वीचं एवढं कळलं कुठून?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून नीटच सांगतो.

सरळ उत्तर असं की ज्यांचं आमच्याकडून काही येणं होतं त्यांनी आमची नोंद ठेवली. सरकारला शेतसारा हवा होता, सावकाराला व्याज, आणि कर्नाटकातून येणाऱ्या हेळव्याला वंशावळ वाचल्याचं धान्य. आमच्या लोकांनी स्वतः एक ओळ लिहिलेली नाही.

आमचं गाव साताऱ्याच्या खटाव तालुक्यात, येरळा नदीपासून थोडं आत, सगळं पावसाच्या भरवशावर. बाजरी, हुलगा, मटकी, आणि परतीचा झाला तर शाळू. 1848ला सातारचे छत्रपती आप्पासाहेब महाराज वारले, इंग्रजांनी दत्तक मानला नाही, सातारचं राज्य खालसा झालं आणि पुढे काही वर्षांत मोजणीवाले साखळी घेऊन शिवारात आले. साखळी 33 फुटांची, तिचा चौरस म्हणजे गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर, आज भावाभावांत भांडणं होतात ती याच मापावर. तेव्हा शेताला पहिल्यांदा नंबर पडला आणि नंबरापुढे आमच्या माणसाचं नाव आलं. सारा 30 वर्षांसाठी ठरला, भरायचा रोख, पीक येवो न येवो. माझ्या मते आमच्या घरातलं कर्ज इथूनच सुरू झालं, कारण जमिनीतल्या पेवात बाजरी होती पण हातात नाणं नव्हतं, आणि ते एकाच माणसाकडे मिळायचं.

मग 1876चा दुष्काळ. खटाव-माणला पावसाने पार दगा दिला, वैरण संपली, जनावरं गेली. लोक म्हणतात बैल मेला तर दुसरा घ्यायचा, पण तेव्हाचा जड लाकडी नांगर ओढायला चार-चार जोड्या लागायच्या आणि एवढ्या जोड्या आमच्यासारख्या घरात कधीच नव्हत्या, सगळं सावडीवर चालायचं, म्हणजे शेजाऱ्याची जोडी गेली की तुमचाही नांगर जागेवर थांबला. खापरपणजोबा दुष्काळी कामावर गेले, आजोबा सांगायचे म्हसवडकडे तलावाच्या मातीकामावर. त्या वेळी सरकारने मजुरी इतकी खाली आणली होती की पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा, बाईला अर्धाच आणा. तेवढ्यावर दिवसभर माती वाहायची. ते परत आलेच नाहीत.

आणि आता तो कागद. शके 1799चं गहाणखत, मोडीतलं, घड्यांवर फाटलेलं. पुरुषांच्या बाकी कागदांवर खाली छोटा नांगर काढलेला असतो, लिहिता न येणाऱ्या कुणब्याची ती निशाणी. इथे नांगर नाही, एक गोल आहे आणि शेजारी लिहिलंय "निशाणी बांगडीची". वर खापरपणजीचं नाव, पुढे "कोम", म्हणजे अमक्याची बायको, असं लिहून नवऱ्याचं. नवरा नुकताच गेलेला, हातात बांगडी नसणार, आणि लिहिणाऱ्याने तिच्या नावाने बांगडीच काढली. बाईची निशाणी तीच म्हणून. मला तो कागद अजूनही सलग वाचवत नाही. साऱ्याच्या कागदांत सगळे पुरुष, हेळव्याच्या वहीत फक्त मुलगे, आमच्या घरातल्या त्या शतकातल्या एकाच बाईचं नाव शिल्लक आहे आणि ते तिने मळा गहाण टाकला म्हणून.

पुढचं थोडक्यात. 1875ला पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले होते, त्यातूनच 1879चा कायदा आला, पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं आणि कोर्टाला मूळ मुद्दलापासून हिशोब उकरता येऊ लागला. पणजोबांनी तो उकरायला लावला. अर्धा मळा सुटला. राहिलेला अर्धा मात्र सावकाराने गहाणाऐवजी खरेदीखत करून घेतला, कायदा आल्यावर बऱ्याच ठिकाणी हीच वाट काढली गेली.

अजून एक. कर्ज फिटलं की रोखा फाडून टाकायची पद्धत होती, म्हणजे आज तुमच्या घरात जुनं गहाणखत असेल तर बहुतेक ते पूर्ण फिटलेलं नसणार. म्हणूनच म्हातारी माणसं असले कागद दाखवत नाहीत, लाज वाटते त्यांना. कृपा करून त्यांना सांगा की यात लाजण्यासारखं काहीही नाही, त्या सालात ज्याने पोरं जगवली त्याने कर्ज काढलेलंच आहे.

शोधायचं असेल तर आधी घरातली ट्रंक, मग भूमी अभिलेखला कडईपत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, तहसीलला जुने फेरफार आणि जन्म-मृत्यूचा नमुना 14. कुणबी नोंदींमुळे मोडी वाचणाऱ्यांकडे सध्या गर्दी आहे, थांबावं लागेल. आणि वाचून घेताना नाव, साल, रक्कम एवढ्यावर उठू नका, खालच्या निशाण्यासुद्धा वाचून घ्या.