बोअरचं जेटिंग (पाण्याच्या जोरदार झोताने आतून सफाई) करून घेतलं, त्याचा अनुभव

बोअरचं पाणी कमी आलं की सगळे एकच सांगतात, भूजल खाली गेलं, नवीन बोअर मारा. मलाही तेच सांगितलं. पण मोटर बंद ठेवून टेप सोडली तर पातळी जवळपास पहिल्यासारखीच, मोटर चालू केली की मात्र धाडकन खाली. पूर्वी तेवढ्याच उपशाला चारेक मीटर उतरायची, आता अकराच्या आसपास. म्हणजे जमिनीत पाणी आहे, बोअरमध्ये यायलाच वाट नाही. मुळात पातळीच घसरली असेल तर जेटिंगने काही होत नाही, त्यामुळे हे आधी बघाच.

मग मोटर, पाईप सगळं वर काढलं आणि कॅमेरा सोडला. केसिंगचे (बोअरमधल्या पाईपचे) स्लॉट, म्हणजे पाणी आत यायच्या फटी, दिसतच नव्हते! तांबूस, बुळबुळीत काहीतरी लोंबत होतं, ते लोहजिवाणूंचं काम, आणि मधे मधे पांढरट टणक पापुद्रे. पाणी स्लॉटमधून आत शिरताना दाब कमी होतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट तिथेच बसतं, म्हणून नेमकी या फटींची जाळीच बुजते. केसिंग कुठे गंजलंय, चिरलंय का हेही कॅमेऱ्यातच कळतं, आणि ते न बघता प्रेशर मारायला कोणी निघालं तर सरळ नको म्हणा. यात शंभर बारच्या वरसुद्धा प्रेशर वापरतात, कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतं म्हणजे बघा. स्टीलला झेपतं ते पीव्हीसीला झेपेलच असं नाही.

प्रत्यक्ष काम असं, की होजच्या टोकाला फिरणारं हेड, त्याच्या नोझलमधून पाणी आडवं सुटतं आणि ते हेड जाळीच्या भागात सावकाश खालीवर करत राहायचं, एकाच जागी धरून ठेवलं तर केसिंगच घासलं जाईल. पण माझ्या मते प्रेशरपेक्षा महत्त्वाचा उपसा. जेटिंग चालू असतानाच एअरलिफ्टने, म्हणजे खाली हवा सोडून, पाणी बाहेर काढत राहायला हवं, नाहीतर सुटलेली घाण केसिंगबाहेरच्या खडीच्या फिल्टरमध्येच परत जाऊन बसते आणि वर सगळे खूश की बोअर साफ झाला. आमचा ऑपरेटर दर थोड्या वेळाने काचेच्या बरणीत पाणी घ्यायचा आणि तळाला काय बसतंय ते बघायचा. आधी विटकरी गाळ, मग पांढरे कपचे, शेवटी चिमूटभर वाळू, तीही बंद झाल्यावरच त्याने होज वर घेतला.

जिवाणू मारायला क्लोरीन (ब्लीच) त्यानंतर. आधी टाकून फारसा फायदा नाही कारण तो चिकट थर जिवाणूंना झाकून ठेवतो. काही टणक पापुद्रे तसेच राहिले होते, त्यासाठी ॲसिडचा पर्याय होता, पण ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो, एक पूर्ण उपसून काढल्याशिवाय दुसरं घालता येत नाही, म्हणून मी तूर्त नको म्हटलं.

परत तेवढाच उपसा करून मोजलं तर पातळीचा उतार सहा मीटरच्या आत. चारवर काही आला नाही, खडीत खोलवर जे बसलंय ते बसलंय. आता रीडिंग वहीत लिहून ठेवतो, आणि उताराच्या दर मीटरमागे मिळणाऱ्या पाण्यात पंचवीस टक्के घट दिसायच्या आत पुन्हा जेटिंग करणार, कारण जास्त थांबलं की ते घट्ट होतं आणि मग निघता निघत नाही.