आमची वाटचाल : खरी झाडं, कमी कटकट

कुडाळात 2011 साली माशांच्या टाक्यांच्या (अ‍ॅक्वेरियमच्या) धंद्यासाठी दहा बाय बाराचा गाळा भाड्याने घेतला, तेव्हा आमच्याकडे माशांपेक्षा प्लास्टिकची झाडं जास्त होती. गिऱ्हाईक तीच मागायचं. दोन महिन्यांत त्यांच्यावर काळपट शेवाळ चढायचं आणि ती धुवायला परत दुकानात यायची. धुण्याचे पैसे मागायला लाज वाटे. मागच्या पायरीवर बसून जुन्या टूथब्रशने ती घासायचं काम बायकोकडे. एके दिवशी तिने ब्रश बादलीत टाकला आणि म्हणाली, "यापेक्षा खरी झाडं लावा, निदान ती स्वतःची स्वतः वाढतील." आमच्या धंद्याचं वळण एवढंच.

खऱ्या झाडांचं पहिलं मोठं काम मालवणच्या एका हॉटेलात मिळालं. टाकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. म्हणजे जवळजवळ 680 लिटर पाणी; काच आणि रेती धरली तर वजन पाऊण टनाच्या वर. मालकांनी आधीच विचारलं होतं, "खरी झाडां? मेली की मगे काय करूचा?" मी हसण्यावारी नेलं. लाल पानांची नाजूक झाडं, पुढे हिरवा गालिचा, कडक लाइट, झाडांसाठी पाण्यात सोडायच्या सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर असा सगळा थाट केला. मे महिन्यात सिलिंडर संपला. कोणी कळवलं नाही, लाइट मात्र बारा-बारा तास चालू. त्यात पाणी 31-32 अंशांवर. तीन आठवड्यांनी गेलो तर गालिचा कुजलेला आणि काचेवर शेवाळाचा इतका जाड थर की आत मासे आहेत की नाहीत ते कळेना. अर्धे पैसे परत केले. त्या काळात ते परवडणारे नव्हते.

मग ठरवलं, कोणी बघायला नसताना जे जगेल तेच विकायचं.

पहिला नंबर अनुबियासचा, दुसरा जावा फर्नचा. दोघांनाही कमी उजेड चालतो, खताची घाई नाही, आणि मुख्य म्हणजे रेतीत लावावं लागत नाही. लावलं तर उलट मरतात. त्यांचं आडवं जाडसर खोड रेतीत गाडलं की ते कुजतं. लोकांची झाडं मरतात ती बहुतेक इथेच. आम्ही ती जांभ्याच्या चिऱ्याच्या तुकड्यावर तंगुसाने, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याने, बांधतो. मासेमारीच्या दुकानात मिळते तीच तंगूस; साधा दोरा पाण्यात कुजतो. जांभ्याची भोकं मुळांना पकडायला इतकी छान की दोन-तीन महिन्यांनी झाड ओढलं तर दगडही उचलून येतो. फक्त चिरा आधी पंधरा दिवस भिजत घालून पाणी बदलत राहायचं. आम्ही एकदा न धुता टाकला आणि उद्घाटनाच्या दिवशी टाकीत कोकम सरबत झालं.

मागच्या बाजूला वॅलिसनेरिया. फितीसारखी लांब पानं, दोन फूट उंची सहज गाठतात. हे झाड भराभर वाढतं, त्यामुळे माशांच्या घाणीतलं खत शेवाळाआधी तेच खाऊन टाकतं. किनाऱ्यावरच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, तेवढा खारेपणाही त्याला चालतो. समुद्राची रेती मात्र टाकीत नको, हे हात जोडून सांगतो. त्यातल्या शिंपल्यांच्या चुऱ्याने पाणी जड होतं.

मधल्या जागेत क्रिप्टोकोरायनी. याच्या काही जाती आपल्या कोकणातल्या वहाळांत रानात वाढतात, पण आम्ही तिथून एक काडी उपटत नाही, नर्सरीचीच आणतो. क्रिप्टची एक खोड आहे. जागा बदलली की आठवड्याभरात सगळी पानं विरघळतात. मग फोन येतो, "अहो, तुमची झाडं गेली!" मी म्हणतो, मुळांना हात लावू नका, महिनाभर थांबा. पुन्हा फोन येत नाही, म्हणजे पानं आली.

गोल्डफिश पाळणाऱ्यांना फक्त अनुबियास. त्याचं कडक पान त्यांना चाववत नाही. बाकी बहुतेक झाडं ते कोशिंबीर समजून खातात.

खरी परीक्षा 2021 च्या मे महिन्यात झाली. तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, त्यात लॉकडाऊन. देवगडच्या एका काकींकडे आमची पाच फुटी टाकी होती. वीज आठ दिवस नव्हती, आम्हाला जाता येत नव्हतं. फोन लागला तेव्हा एवढंच सांगितलं : खाणं बंद करा, आणि दिवसातून चार-पाच वेळा तांब्याने टाकीतलंच पाणी उचलून उंचावरून परत ओता. वीज आली की फिल्टर आधी बाहेर काढून धुवा, आत कुजलेलं पाणी असतं. आठ दिवसांत तीन मासे गेले. वॅलिस पिवळं पडलं. अनुबियासला वादळ आल्याचं कळलंही नसावं.

हिशेबाने बघितलं तर यात आमचंच नुकसान. आमच्या धंद्यात कमाई देखभालीच्या फेऱ्यांवर; आणि आम्ही विकतो अशी टाकी, जिच्याकडे महिन्यातून एकदा जाऊन चौथा हिस्सा पाणी बदललं आणि लाइटचा टायमर सात तासांवर आहे ना बघितलं की काम झालं. पण दोन माणसं आणि एक टेम्पो यांवर वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंतची कामं होतात, ती यामुळेच. दर आठवड्याला जावं लागलं असतं तर पेट्रोलनेच गाळा बंद केला असता.

मालवणच्या त्या हॉटेलवाल्यांनी 2019 मध्ये परत बोलावलं. टाकी तीच, झाडं नवीन. आता त्यांची तक्रार वॅलिस फार माजल्याची. दर फेरीला बादलीभर उपटून आणतो. गेल्या महिन्यात वेंगुर्ल्यात नवी टाकी लावली, तिच्यातलं निम्मं वॅलिस त्यांच्याकडचं. मालकांना कळलं तसे त्यांनी त्याचे पैसे मागितले. दिले.