काटा चालू, पावती बंद

आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा सर्व्हर अजून सेंटओएस ७ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमवर आहे. ही आवृत्ती २०१४ साली आली आणि ३० जून २०२४ ला तिचा सपोर्ट संपला. म्हणजे सुरक्षेचे अपडेट बंद, आणि यम, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारी कमांड, ज्या मिररवरून (इंटरनेटवरच्या साठ्यावरून) पॅकेज उचलायची तेही बंद. हे मी कारखान्याला लेखी दिलं होतं. बदलायला अडचण खरी आहे, ती नाकारत नाही. काट्याचे इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारे डबे) ज्या सीरियल पोर्ट कार्डाला जोडलेत, ते चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, जुन्या ३.१० कर्नलसाठीच (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) केलेला आहे. पण अडचण आहे म्हणून सोडवायची, का आहे म्हणून सोडून द्यायची? "हंगाम संपल्यावर बघू" हे उत्तर मी अनेक कारखान्यांत ऐकलंय.

यंदा ऐन गळीत हंगामात ऊसबिलाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवायची निघाली. बँकेला पाठवायच्या फाइलचा साचा बदलला होता. ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे, त्यामुळे थांबायला जागा नव्हती. सॉफ्टवेअर कंपनीनं एक नवखा पोरगा एकट्याला पाठवला. हंगामात, चालत्या सर्व्हरवर, एकट्याला. मला अजून राग येतो तो या गोष्टीचा.

दुपारी त्याचा फोन आला. आवाज बसलेला. "सर, काहीच चालत नाही. एलएस पण नाही." एलएस म्हणजे फोल्डरातल्या फाइलींची यादी दाखवणारी अगदी साधी कमांड.

झालं होतं ते असं. नवा प्रोग्रॅम सुरू होताना म्हणाला, मला जीलिबसी २.२८ पाहिजे. सेंटओएस ७ वर असते २.१७. ही लायब्ररी म्हणजे लिनक्सवरच्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमचा पाया. फाइल कॉपी करणारी साधी कमांडसुद्धा तिच्यावर उभी. जुना प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर चालतो, नवा जुन्यावर चालत नाही. पोरानं इंटरनेटवर कुणीतरी छातीठोक लिहिलेला उपाय वाचला, दुसऱ्या मशीनवरची नवी लायब्ररी आणून लिब६४ या फोल्डरात टाकली आणि libc ची लिंक, म्हणजे कुठली लायब्ररी वापरायची ते दाखवणारी खूण, तिच्याकडे वळवली. पण तिला लोड करणारा लोडर जुनाच राहिला. दोघांचं जमेना आणि त्या क्षणापासून नवीन कुठलाही प्रोग्रॅम उठेना.

गंमत वाटावी असं एक होतं, पण काट्यावर गंमत नव्हती. जे आधीपासून चालू होतं ते चालूच होतं, कारण त्यांनी जुनी लायब्ररी मेमरीत धरून ठेवली होती. पोस्टग्रेस हा डेटाबेस चालू, वजन नोंदवलं जात होतं. पावती छापायला मात्र दर वेळी नवा प्रोग्रॅम उठवावा लागतो, तो उठत नव्हता. ट्रॅक्टर काट्यावर चढायचा, आकडा दिसायचा, कागद यायचा नाही. आणि पावतीशिवाय ड्रायव्हर काट्यावरून हलत नाही, हलूही नये; तोडणीवाल्यांची मजुरी आणि शेतकऱ्याचं बिल त्याच कागदावर असतं. मागे अंगद गाड्या आणि बैलगाड्यांची रांग. तोडलेला ऊस उन्हात थांबला की वजन घटतं, साखरेचा उताराही घटतो.

फोनवरच मागून ईडीपीच्या (कारखान्याच्या संगणक विभागाच्या) साहेबांचा आवाज आला, "रीस्टार्ट मारू का?"

"अजिबात नको!" मी ओरडलोच. बंद करून चालू केला असता तर बाकी सगळं सुरू करणारा सिस्टिमडीच उठला नसता, आणि चालू असलेलंही सगळं गेलं असतं. पोराला विचारलं, "पुट्टीची विंडो उघडी आहे?" सर्व्हरवर कमांड द्यायची ती विंडो. आहे. "रूट आहेस?" म्हणजे सगळे अधिकार असलेला यूजर. हो. "मग ती बंद करू नकोस. दुसरी उघडायला जाऊ नकोस, उघडणार नाही."

त्या विंडोतली शेल, म्हणजे कमांड घेणारा प्रोग्रॅम, जिवंत होती आणि शेलच्या पोटातल्या कमांड चालतात. दिलेला मजकूर परत दाखवणारी इको ही त्यातलीच. एलएस चालत नाही तर इकोनं फोल्डर बघायचं: इको, मग लिब६४ मधल्या libc चं नाव आणि पुढे तारा (*). तारा उलगडण्याचं काम शेल स्वतः करते. पोरानं नावं वाचून दाखवली. जुनी २.१७ ची फाइल जागेवर होती. त्यानं ती पुसली नव्हती, हे त्याचं शहाणपण. ते कुणी मोजलं नाही.

आता लिंक वळवायची कशी? लिंक बनवणारी एलएन कमांड मेलेली. पण एसबिन फोल्डरात एसएलएन नावाची एक छोटी कमांड असते. ती कुठल्याच लायब्ररीवर अवलंबून नाही, लागतं ते सगळं स्वतःत घेऊन येते. जीलिबसी लिहिणाऱ्यांनी अशाच प्रसंगासाठी ती ठेवली आहे, आणि मला त्या माणसांबद्दल फार आदर आहे. मी एकेक अक्षर सांगितलं, त्यानं टाइप करून परत वाचलं, मग एंटर. "आता एलएस." थोडा वेळ शांतता. मग प्रिंटर सुरू झाल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला.

बिलाचं काम तसंच राहिलं होतं. मी संध्याकाळी गेलो. यमच्या फाइलीत मिररलिस्टच्या ओळी बंद करून व्हॉल्टचा, म्हणजे सेंटओएसच्या जुन्या साठ्याचा, पत्ता घातला. जुनी पॅकेज अजून तिथे ठेवलेली आहेत. तिथून पॉडमन १.६.४ मिळालं; प्रोग्रॅम त्याच्या लायब्ररींसकट वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायचं हे साधन. कारखान्याच्या इंटरनेटचा भरवसा नव्हता, म्हणून रॉकी लिनक्स ८ ची इमेज (कंटेनरसाठीचा तयार साचा) ऑफिसमधूनच पेनड्राइव्हवर आणली होती. तिच्यात तिची स्वतःची जीलिबसी २.२८ असते; यजमान मशीनकडून ती फक्त कर्नल वापरते. नवा प्रोग्रॅम त्या कंटेनरमध्ये ठेवला. बँकेची फाइल बाहेरच्या फोल्डरात उतरेना, तेव्हा कुणाला कुठली फाइल उघडू द्यायची यावर पहारा ठेवणारं एसईलिनक्स बंद करा असा सल्ला लगेच मिळाला. तो मी कधीच मानत नाही. फोल्डर जोडताना शेवटी मोठं झेड लावलं, एसईलिनक्सचं लेबल बरोबर बसलं, फाइल उतरली. सर्व्हरच्या स्वतःच्या एकाही लायब्ररीला हात लावला नाही.

त्या पोराला कंपनीनं या कामावरून काढलं. मी त्यांना सविस्तर मेल केला: तुमच्या इन्स्टॉलेशनच्या कागदात जीलिबसीची अट कुठेच लिहिलेली नाही, तुम्ही नव्या मशीनवर तपासून जुन्यावर पाठवलंत, चूक तिथे सुरू झाली. उत्तर आलं नाही.

आणि नव्या सर्व्हरचं कोटेशन, नव्या सीरियल कार्डासकट, पुन्हा दिलंय. आता कार्यकारी संचालकच विचारतात, "पाहुणं, तुम्ही तर त्याच मशीनवर चालवून दाखवलंत, मग खर्च कशाला?" त्या रात्री कंटेनर लावला नसता तर शेतकऱ्यांची बिलं अडकली असती. लावला, तर हे. त्यांना काय सांगावं ते मी अजून शोधतोय. जूनमध्ये गाळप बंद असताना काम झालं नाही, तर पुढचा हंगामही त्याच कर्नलवर जाईल.